किनार

मे महिन्यात, भर दुपारी, सीताबर्डीच्या दुकानात
बाबा टीव्हीला नाक लावून उभे.
"दुरून पाहा ना काका," तौसीफ म्हणाला.
बाबा हटले नाहीत. चाळीस वर्षं
गोळीबार चौकातल्या मागावर
त्यांनी कापड जवळूनच वाचलं.

"इंचात किती?"
तौसीफनं पडद्याचे इंच सांगितले, त्रेचाळीस.
"तसं नाही बाप्पा. एका इंचात तार किती?"

मी मधे पडले: आडवे एकोणीसशे वीस ठिपके,
उभे एक हजार ऐंशी,
आणि तो बाजूचा, महाग, दोन्हीकडून दुप्पट.
"म्हणजे चौपट," बाबा.
ताण्याबाण्याचा हिशेब त्यांना
बोटं न मोजता येतो.

महागात एक मासा पोहत होता,
खवला न् खवला सुटा.
बाबांनी पाहिला, एका डोळ्यानं.
दुसऱ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

"नेसणारी किती लांबून दिसते?"
तौसीफ माझ्याकडे बघू लागला.
मी घरी फोन लावला. आईनं
दिवाणापासून भिंतीपर्यंत पावलाला पाऊल जोडलं:
अकरा. आठ फूट धरा.

"येवढ्या लांबून शंभर नंबरी काय, ऐंशी नंबरी काय.
अन् केबलवाला सूत कोणतं देते? जाडं.
जाड्या सुताले बारीक फणी लावून काय होते?"
तौसीफनं मुकाट्यानं स्वस्तातला खोका काढला.

घरी चित्र भुरकट.
मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये आत आत शिरले,
पाचशे शहात्तरवर अडकलं होतं,
एक हजार ऐंशीवर नेलं.
पडदा काळा झाला,
कूलरचा आवाज तेवढा राहिला,
मग बातम्या देणारीच्या पदराला चुण्या आल्या.

"झालं?"
बाबा उठले. बोटाची मागची बाजू
काचेवरून फिरवत खालपर्यंत आणली,
जिथे अक्षरं धावत होती, अर्धी कापलेली.
"किनार कोणी खाल्ली?"

मला दिसलंच नव्हतं,
दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्या मला.
पुन्हा मेनू, मेनूत मेनू,
'आहे तसं' अशा अर्थाचा एक बारका पर्याय.
दाबला.
चित्र चारी बाजूंनी बोटभर आत सरकलं,
अक्षरांना पाय फुटले.

बाबा दिवाणावर बसले.
बातमी कसली, ते त्यांनी ऐकलं नाही.
या काठावरून त्या काठावर
मान जात राहिली, येत राहिली.
आई म्हणाली, आता माझी मालिका लावा.
त्यांनी हातानंच सांगितलं,
थांब.