नोंदवही

वेकफिल्ड, फेब्रुवारी. मिस्टर ओल्डरॉइडनी
वर्तमानपत्रात गुंडाळून रुबार्ब आणलंय,
गुलाबी, हातभर लांब देठ.
नियम असा, की भेटीची नोंद करायची:
कुणी दिलं, काय, अंदाजे किंमत.

"बिनखिडकीच्या शेडमध्ये वाढतं हे.
तोडायचं मेणबत्तीच्या उजेडात.
कान दिलात ना, डॉक्टर,
तर वाढताना ऐकू येतं."

त्यांचा स्कॅन माझ्यासमोर उघडा.
बाहेर गाडीत त्यांची मुलगी,
सकाळी फोनवर म्हणाली होती,
बाबांना सांगू नका, प्लीज.

"किती सांगू?" मी विचारते.

ते कानातलं यंत्र
बोटानं नीट बसवतात.

"सगळं. पण आधी
ते लिहून टाका वहीत.
दोन पौंड.
जास्त लावू नका."