लाख वजा करून

दिवसभर गुजरीत मी दुसऱ्यांचं सोनं जोखतो.
गुंज, मासा हे शब्द आता जुन्या गिऱ्हाइकांच्याच तोंडी.
काटा डिजिटल. वारा लागला तरी आकडा थरथरतो,
म्हणून मे महिन्यातही पंखा बंद.

रविवारी रात्री मात्र
उद्यमनगरात, जयपालच्या लेथमागच्या खोलीत
मी राज्यं वाटतो.
चार खुर्च्या, वीस बाजूंचा फासा, खारे शेंगदाणे,
आणि ऑइलच्या वासात एक अख्खं जंगल.

चूक माझीच.
तिसऱ्याच रविवारी, जयपाल मगदूमचा वाढदिवस म्हणून,
त्याच्या लढवय्याला मी जळती तलवार देऊन बसलो.
तेव्हापासून राक्षस येतात ते नुसते हजेरी लावायला.
एक घाव, राख. दुसरा घाव, राख.
इर्शादचा चोर कुलपांना हात लावेना.
नऊ हजार मोहरा गाठीला, उचकटत कोण बसतो?
"भावा, दारच विकत घेऊया की," म्हणाला,
आणि खरंच घेतलं, चौकटीसकट.

प्रियंवदा सासने तेवढी वहीच्या कडेला नक्षी काढायची.
तिच्या वैद्यबाईकडे एक कंदील,
तीनदाच पेटणारा,
दोनदा पेटून झालेला.

दिलेलं काढून घ्यायचं कसं?
गंज सोडला, तलवारीला चढेना.
दरोडेखोर पाठवले, तेच लुटले गेले.
शेवटी नदीवर नाका बसवला, माणशी शंभर मोहरा.
कोल्हापूरच्या पोरांकडे टोल मागितला मी!
फासा पडायच्या आत नाका पेटला होता
आणि तिघंही खुर्च्यांवर उभे राहून घोषणा देत होते.
शेजारच्या फौंड्रीचा वॉचमन डोकावून गेला.

त्याच आठवड्यात एक बाई साज घेऊन आल्या.
मोडायचा नव्हता, नुसतं वजन हवं होतं.
मणी फुगीर, पानं कोरीव,
एक पान कधीचंच हरवलेलं, त्या जागी दोऱ्याची गाठ.
काट्यावर ठेवला आणि सवयीनं म्हणालो,
लाख वजा करावी लागेल.
"किती लाख?" सोबतचा भाचा दचकला.
बाई हसल्या. "पैशातली नव्हे रे, मण्यांच्या पोटातली.
ती नसती तर मणी चेपले असते.
आणि आतबाहेर सगळं सोनंच असतं,
तर माझी मान."

रविवारी मी काहीच पाठवलं नाही, चोर नाही, नाका नाही.
फासा मुठीत धरून म्हणालो,
मी जास्त दिलं. चुकलं.
जयपाल चिंधीला हात पुसत राहिला.
"टूल झिजतं की," म्हणाला,
"चाळीस जॉब झाले की मी धार लावतो.
तुझी तलवार काय आभाळातनं पडली?"
आणि स्वतःच कागदावर लिहिलं:
सात घाव. मग नुसतं लोखंड.
इर्शादनं विचारलं, आणि पुन्हा पेटवायची तर?
त्यावर अर्धा तास भांडण झालं,
शेंगदाणे संपले, ठरलं काहीच नाही.
पण मोहरांचा आकडा त्यानं इतका खोडला
की कागदाला भोक पडलं.

पावणेबाराला, भुयारात, सातवा घाव गेला.
पुढ्यातलं अजून जिवंत होतं.
प्रियंवदानं पेन्सिल खाली ठेवली.
"कंदील."
शेवटचा आहे, मी म्हणालो.
"मला मोजता येतं."

जयपालनं उठून खोलीतली ट्यूब बंद केली.
अंधारात खुर्च्या
जवळ ओढल्याचा आवाज आला.