चार आण्याएवढा सेल

मे महिना, दुपारचे तीन, बर्डीवरचं माझं तळघर.
कुलरमधलं पाणी केव्हाच संपलेलं,
आणि जिन्यावरून दोन म्हातारे उतरतात,
मधे चादरीत बांधलेलं एक कॅबिनेट,
एकानं डोक्याकडून धरलेलं, एकानं पायाकडून.

"सुरूच होत नाई मॅडम. सुरू व्हायच्या आधीच शब्द मागते."

हे पौनीकर, गोळीबार चौक. ते निमजे,
भिंतीला भिंत लागून.
हातमाग विकायच्या आधी पौनीकरांनी
साड्यांच्या काठांचे नमुने
एकेक चौकोन रंगवून ह्याच्यात भरले होते.
एकशे चाळीस काठ.
आणि बाहेरून कडी घालावी तसा शब्द घातला,
शेजाऱ्यानं पाहू नये म्हणून.
शेजारी म्हणजे हेच,
आता माझ्या टेबलाशी टॉर्च धरून उभे.

"काहून आता उघडता?"
"नात कापडाचं शिकते. तिले पाह्यजे."

पहिल्यांदा आईचं नाव. नाही.
मग स्कूटरचा नंबर. एमएच एकतीस,
पुढचे आकडे निमज्यांनी सांगितले.
तोही नाही.
मग बायकोचं नाव, एका बोटानं, हळू हळू,
आणि तेही चुकल्यावर
काका सुटल्यासारखे हसले.
तीन झाले. पडदा थिजला.

म्हटलं, राहू द्या काका, तुम्ही नका आठवू.
ह्यालाच विसरायला लावू.

झाकण काढलं.
पंख्याच्या पात्यांना धूळ नव्हती नुसती,
सूत होतं. पोपटी, डाळिंबी, थोडं जरीचं,
वीस वर्षांची वात वळलेली.
दोघंही वाकून पाहत राहिले, कुणी फुंकर मारली नाही.
मीच ब्रशनं काढलं, कागदावर ठेवलं,
फेकायचं की नाही ते विचारलं नाही.

मग सेल. जुन्या चार आण्याएवढा, गंज धरलेला.
नखानं उचकटला.
शेजारच्या तीन काड्यांवरची इवली टोपी
एक घर सरकवली.
प्लग काढून बटण दाबून धरलं,
आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून.
दहा मिनिटं.
निमज्यांनी खिशातून खऱ्र्याची पन्नी काढली,
माझ्याकडे पाहिलं, परत ठेवली.

टोपी जागेवर, नवा सेल. टूँ.
शब्द मागितला नाही.
फक्त तारीख चुकली म्हणाला,
एक जानेवारी दोन हजार दोन.

"तवा आपन बोलत नव्हतो," निमजे.
"बोलत होतो. होळीपासून बंद झालो."

मी आजची तारीख टाकली.
काठ उघडत गेले, एकामागून एक,
करवतीचे दाते, रुद्राक्ष, कुठे फुलं फुलं.
सदतिसाव्यावर टॉर्च थांबला.
पडद्याला उजेड लागत नाही, तरी थांबला.

"हा त माहा आहे."

कुलर खडखडत होता.
"हो," पौनीकर म्हणाले. "तुहाच."

पैसे निमज्यांनी दिले, कोणी भांडलं नाही.
निघताना निमजे पुढे, डोक्याकडून धरून;
चौथ्या पायरीवर पौनीकर अडखळले, मागे वळले.
"मॅडम, आठवला."
"काय होता?"
त्यांनी वरच्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं,
घामानं भिजलेल्या त्या बुशशर्टकडे.
"जाऊ द्या," म्हणाले,
"आता काढला नं तुमी."

कागदावरचं सूत अजून ड्रॉवरमध्ये आहे.