प्रमाण विचलन

एप्रिलच्या शेवटी तांडापेठेत गेले,
पिशवीत बेचाळीस घरांच्या प्रश्नावल्या
आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारलेला कांदा.
कांदा आईचा. ऊन लागू नये म्हणून.
प्रश्नावली सरांची.

प्रश्न सहावा असा होता:
'आपल्या वस्तीत रूढ नियमांविरुद्ध वागणारी व्यक्ती आहे काय?
असल्यास नाव सांगणे ऐच्छिक.'
ऐच्छिक हा शब्द कुणी ऐकलाच नाही.

मला वाटलं, दारू निघेल.
दारूला कुणी वेगळं म्हणेना.
सट्ट्याचं विचारलं तर एका आजोबांनी
मलाच आकडा विचारला.
निखाऱ्यांची पळून गेलेली पोरगी निघाली,
पण हळू आवाजात, दोनच घरांत.

सव्वीस घरांनी एकच नाव दिलं:
बेबीबाई धापोडकर, वय अडुसष्ट.

'काय करतात त्या?'
'बाहीर झोपते.'
'म्हणजे?'
'म्हंजे बाहीर, बाप्पा. रस्त्यावर बाज टाकते न झोपते.
बाईमाणूस असून.'

संध्याकाळी गेले. ती बाजेची सुंभाची दोरी
पाय लावून ताणत होती.
'पह्यले आखी गल्ली बाहीर झोपे, पोरी.
माग बंद झाले का खटखट थांबे,
मंग घोरनं सुरू.
कोन कुठं पालथं झोपते, सारं सार्‍याईले माईत.
मंग सोनकुसऱ्याकडे कुलर आला. एक बाज आत गेली.
मंग दुसरी. मंग पोरगं झालं म्हून तिसरी.
म्या काईच नाई केलं.
मी इथंच आहो.'

वर्गात शिकवलं होतं:
सरासरीपासून कोण किती दूर, ते मोजायचं,
वर्ग करायचा, बेरीज, मग मूळ काढायचं.
कोण जागचं हललं
हे त्या सूत्रात कुठंच येत नाही.
मी वहीत तिची बाज काढली, चौकोन,
आणि आजूबाजूला
नसलेल्या बाजा ठिपक्यांनी.

सर म्हणाले, 'विचलन कृत्यात नसतं हो.
ते बघणाऱ्यांच्या एकमतात असतं.'
मी खाली रेघ ओढली. दोनदा.
मग त्यांनी विचारलं, 'तिला भीती नाही वाटत?'
हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा पोळा तोंडावर आला होता.
नुक्कडावर पोरं कमच्यांना कागद चिकटवत बसलेली.
'कोनाचा बडग्या बे?' मी विचारलं,
तर हसून एकमेकांच्या मागं लपली.
बडग्याला लुगडं होतं. त्याच्याखाली
पुठ्ठ्याची बाज.

बेबीबाई वर्गणीचे अकरा रुपये घेऊन आली,
वाकून बघितलं,
'बाजीले चार पाय रायतेत न बे, तीनच लावले.
पडंन ना चौकात जायच्या आंधी.'
आणि खाली बसून चौथा बसवून दिला,
खळ कमी पडली तेव्हा घरातून आणली.

जाताना मला म्हणाली,
'तुह्या कागदावर माह्यं नाव कितीक जनाईनं सांगतलं?'
मी म्हटलं, सांगता येत नाही, गोपनीय असतं.
'सव्वीस असतीन.'
मी बघतच राहिले.
'या गल्लीत कुलर सव्वीस आहेत,' ती म्हणाली.

प्रबंधात ती एक ओळ आहे:
उत्तरदाती एकतीस, स्त्री, विधवा,
विचलनाचा प्रकार सौम्य.
'सौम्य' सरांनी घातलं. मी काढलं नाही.

आता मे महिन्यात रात्री दोनला
आमच्या कुलरचं पाणी संपतं,
पंप कोरडा घरघरतो.
मी उठते, अंधारात बादली ओतते,
ओल्या वाळ्याचा वास येतो.
खिडकीबाहेरचा रस्ता
टोकापर्यंत रिकामा असतो.
मी पडदा नीट करते.
झोपते.