संत्र्याएवढं

सासूले सांगितलं नव्हतं अजून.
पुण्याले गेलेल्या नवऱ्यालेही नाही.
फक्त रात्री गोधडीच्या आत उजेड धरून
विचारलं होतं, आंबट ढेकर काऊन येतात?

पर्यागा दाईनं बोरिंगवर पाह्यलं माह्याकडे,
माही गुंडी उचलून दिली.
बोलली काहीच नाही.

सकाळी मोबाईलभर पाळणे,
टोपडी, तेल, हप्त्यावर.
कोणं इकले माहे ढेकर? कितीले?

मग एका रात्री सांडलं सारं.
दाईनं पळसाखाली खड्डा केला,
वर गोटा ठेवला, हात धुतले.
तिच्या तोंडून आजवर शब्द नाही.

फोन मात्र दर सोमवारी:
अभिनंदन! बाळ आता लिंबाएवढं.

आज बगिच्यात तोडा.
क्रेट भरता भरता वाजला.
हातातलं संत्रं
मी कुठं ठेवू?