गेज

कंपनीत माझ्या हातात दिवसभर गेज असतो.
हिरवी बाजू भोकात गेली पाहिजे,
लाल बाजू जाता कामा नये.
गेली तर पार्ट लाल पेटीत.
भोसरीत नऊ वर्षं मी एवढंच करतो
आणि बरं करतो.

म्हणून गुजर डॉक्टरांनी कागद दिला
तेव्हा मला तो लगेच समजला.
टाळ्या वाजवते का.
ठोकळ्यावर ठोकळा ठेवते का.
बोट करून वस्तू दाखवते का.
पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.
घडी घालून पाकिटात ठेवला,
लायसन्सच्या मागे.

उर्वी सोळा महिन्यांची.
टाळ्या वाजवते, पण कुणी सांगितलं म्हणून नाही,
कुकरची शिट्टी झाली की.
ठोकळ्यावर ठोकळा ठेवत नाही,
ठोकळा माझ्या बुटात ठेवते.
पहाटे फर्स्ट शिफ्टला निघताना
माझा अंगठा बोंब मारतो.
बोट दाखवत नाही.

मी शिकवायला बसलो.
पंखा कुठाय? पंखा?
बाप्पा कुठाय?
तिचं बोट धरून पंख्याकडे नेलं,
ती माझ्याच बोटाकडे बघत राहिली,
पत्र्यानं कापल्याच्या जुन्या खुणेकडे.
रोहिणी आतून म्हणाली,
तू तिला शिकवतोयस का तपासतोयस?
जिन्यात पठारेकाकू म्हणाल्या, आमचा संकेत
साडेतीन वर्षं मुका होता,
आता कॉल सेंटरला आहे.
सगळ्यांनी धीर दिला.
धीरानं रात्री झोप येत नाही.

शेवटी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या,
पुढच्या महिन्यात घेऊन या, मी बघते,
लागलं तर कान तपासू.
तोवर तुम्ही एक करा.
तिच्या उंचीवर या.
ती बघते ते बघा.
आणि काही विचारलंत
तर उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका,
मनात दहा मोजा.

दहा हा फार मोठा आकडा आहे.
दहा सेकंदांत माझा एक पार्ट होतो.
पहिल्या दिवशी मी चारवर सुटलो.
बॉल हवाय? एक, दोन, तीन, चार,
घे बाई.

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना
लोहगावचं विमान आलं.
धानोरीत ती इतकी खालून जातात
की बोलणं अर्ध्यात धरून ठेवावं लागतं,
फोनवरच्या माणसाला वाटतं आपण रुसलो.
मी ओरडलो, उर्वी, बघ, काय आलं?
आणि मोजायला लागलो.

सगळे वर बघत होते,
समोरच्या अर्धवट बिल्डिंगवरचे गवंडी,
पापड राखणाऱ्या पठारेकाकू,
पापडांवर टपलेला कावळासुद्धा.
ही एकटी खाली.

सहा. सात.
आठला मी गुडघे टेकले.
टाकीच्या गळक्या कॉकखाली
ओल्या सिमेंटवर एक मुंगळा
भाताचं शीत ओढत होता
आणि पाण्याच्या ओघळापाशी अडला होता.
मागे सरायचा, पुन्हा यायचा,
शीत काही सोडत नव्हता.

नऊ.
तिचं बोट सरळ झालं.
नखात सकाळचं वरण, पण सरळ.
'ते,' ती म्हणाली.
मग वळून माझ्याकडे बघितलं,
दिसलं का तुला, अशी,
इतके दिवस काहीच न दिसणाऱ्या
माणसाकडे बघावं तशी.

विमान गेलं. आवाज त्याच्यामागून गेला.
दहा मोजायचं राहूनच गेलं.

पार्टची मापं मला तोंडपाठ आहेत.
तो ओघळ किती रुंद होता, सांगता येणार नाही.
आम्ही दोघं पोटावर पडून होतो,
शर्ट भिजला होता,
मुंगळा ओघळाच्या कडेकडेनं
मोरीच्या दिशेनं लांब वळसा घेत होता
आणि आम्हाला कुठंच जायचं नव्हतं.

रोहिणी पिळलेली चादर हातात धरून आली.
काय झालं रे? काय आहे तिथं?

मी बोट दाखवलं.