चार कांड्या

बाईंनी शाळेत बोलावलं होतं.
प्रज्वल चौथ्या तासाला पेंगतो, म्हणाल्या,
आणि पाढे म्हणता म्हणता मधेच 'दोस्तों' म्हणतो,
वर्ग हसत सुटतो.
रोज किती वेळ फोन देता?
मी रेणुकाकडं बघितलं.
रेणुकानं पंख्याकडं.

वडगावातल्या आमच्या गल्लीत
वेळ कुणी विचारत नाही.
मागच्या खोलीतले दोन माग सुरू असले की दिवस,
बंद पडले की हेस्कॉम, नाहीतर रात्र.
भिंतीवरचं घड्याळ लग्नातल्या आहेराचं,
पोटात सुताचा भुगा साचलेला,
मनाला येईल तसं चालतं.
म्हणून मी ठरवलं: चार कांड्या.
धोट्यातली कांडी चारदा संपेपर्यंत फोन तुझा,
पाचवी घातली की वर फळीवर,
राजगिऱ्याच्या डब्याशेजारी.

'आणि मधेच धागा तुटला तर?'
तर तेवढा वेळ धरायचा नाही, मी म्हणालो.
केवढा न्यायी बाप, असं वाटलं मला.

आठवड्याभरात ध्यानात आलं,
उंबऱ्यावर बसून पोरगं
मनातल्या मनात माझे धागे तोडतंय.

भिंतीपलीकडं बसूची आई साडेसातला ओरडते, 'साकु!'
अलीकडं रेणुका, 'पुरे!'
पोरं मात्र दोन्हीकडून
एकाच भाषेत उत्तर देतात:
'लास्ट गेम!'

मग एका रात्री मी अंथरुणात,
आधी साड्यांचे फोटो, सुरतेचा भाव,
मग कुणाची तरी कुणाशी तरी भांडणं,
मग एक म्हैस,
मग तीच म्हैस पुन्हा.
अंधारातून आवाज आला,
'पप्पा, तुझ्या किती झाल्या?'
झोप, म्हणालो.
ते काही उत्तर नव्हतं.

गुरुवारी तिसरी कांडी अर्ध्यावर असताना वीज गेली.
माग गप्प. गल्ली गप्प.
उंबऱ्यावर तेवढं एक निळं तोंड.
दे आता इकडं, मी म्हणालो.
'कांडी कुठं संपलीय?'
बॅटरी एकाहत्तर टक्के. नियम माझाच.

काय करणार, बसलो शेजारी.
ठोकळ्यांचं घर बांधत होता.
ही आईची चूल, ही बसूची भिंत,
'आणि ही मागाची खोली.
हितं खिडकी काढालोय बघ,
तुला लई घाम येतोय न्हवं.'
खिडकीबाहेर चौकोनी समुद्र होता.
वडगावात समुद्र कशाला रे?
'जागा शिल्लक होती की.'

तिथं बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं
की आमच्या खोलीतून बाहेरचं काहीच दिसत नाही.
अठरा वर्षं मी तिथं उभा आहे.

नवाला वीज आली.
माग दचकून उठला,
तिसरी संपली, मी चौथी घातली,
आणि आयुष्यात कधी नाही ते
कांडी जरा हळू संपावी असं वाटलं.
संपली ती. खटका पडला, माग आपोआप थांबला.
मी वाकलो,
ताण्यात बोटं घालून
न तुटलेला धागा शोधत राहिलो.
पुष्कळ वेळ.
सापडला नाही हे कसं सांगायचं.

'पप्पा.'
हां.
'धागा तुटल्यावर तू हातानं थांबवतोस.
तो आवाज वेगळा असतोय.
कांडी संपलीय.'

नऊ वर्षांचं पोर. कान कुणाचे घेतलेत?
फोन त्यानं माझ्या हातात दिला नाही,
फळीवरही ठेवला नाही.
विणून झालेल्या साडीच्या घडीवर ठेवला,
पडदा वर करून,
आणि पाढ्यांची वही शोधायला आत गेला.

मी धोटा हातात घेऊन उभा.
तो उजेड विझेपर्यंत
खिडकीतून समुद्र बघत होतो.